ख्रिस्ताचे पूर्ण झालेले तारणकार्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दृढीकरणाच्या वर्गात, घरोघरच्या प्रार्थनासभांत आणि उपवासकाळात फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रॉटेस्टंट मराठी मंडळीच्या शिकवणीप्रमाणे आहेत. पण मुंबईत सासू सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट मंडळीची) आणि सून वसईची कॅथलिक अशी घरे कितीतरी आहेत. म्हणून कॅथलिक शिकवण जिथे वेगळी आहे तिथे ती आहे तशी सांगितली आहे. वचनांचे आकडे दिले आहेत. बायबल शेजारी उघडून वाचावे.

१. ‘ख्रिस्ताचे पूर्ण झालेले कार्य’ असे पाळकसाहेब नेहमी म्हणतात. म्हणजे नेमके काय?

माणसाला पापाच्या दोषातून सोडवून देवाशी त्याचा समेट व्हावा यासाठी जे जे करायला हवे होते, ते सगळे येशू ख्रिस्ताने केले आहे आणि त्यात कोणी भर घालावी असे काही उरलेले नाही, हा तो विश्वास. यात तीन गोष्टी एकत्र येतात: त्याचे निष्पाप, आज्ञाधारक जीवन; वधस्तंभावरचे मरण; आणि तिसऱ्या दिवशीचे पुनरुत्थान. पौलाला हे ज्या रूपात मिळाले ते १ करिंथकरांस १५:३-४ मध्ये आहे.

एक फरक मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्या. तारण मिळवून देण्याचे काम पूर्ण झाले आहे. ते आपल्या आयुष्यात उतरण्याचे काम चालू आहे. आपण अजून आजारी पडतो, पाप करतो, मरतो. शरीराचे पुनरुत्थान आणि नवी सृष्टी अजून यायची आहे. खालचे निम्मे प्रश्न या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच निघतात.

२. गुड फ्रायडेला सहावा उद्गार ‘पूर्ण झाले आहे’ असा येतो. पण पुनरुत्थान तर अजून व्हायचे होते. मग काय पूर्ण झाले?

दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत सातही उद्गारांवर ओळीने मनन होते. सहावा योहान १९:३० मधला. आंब घेतल्यावर येशू हे बोलला आणि त्याने मस्तक लववून प्राण सोडला. पूर्ण झाले ते अर्पण. पापासाठी जे द्यायचे होते ते देऊन झाले.

पुनरुत्थान म्हणजे ते अर्पण पित्याने स्वीकारल्याचा निकाल. रोमकरांस ४:२५ दोन्ही एका वाक्यात बांधते: आपल्या अपराधांमुळे तो धरून दिला गेला आणि आपण नीतिमान ठरावे म्हणून उठवला गेला. ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात, इतके स्पष्ट पौल लिहितो (१ करिंथकरांस १५:१७). म्हणून शुक्रवारी चर्च भरलेले आणि रविवारी पहाटे निम्मे रिकामे, हे आम्हाला बरे वाटत नाही. शुक्रवारचा निकाल रविवारी लागतो.

याच मुद्द्याची तिसरी बाजू इब्री लोकांस पत्रात आहे (१०:११-१२). याजक दररोज उभा राहून तीच ती अर्पणे करत असे. ख्रिस्त मात्र एकच अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला. निर्गम २५ ते ३० अध्यायांत निवासमंडपाच्या, म्हणजे मोशेच्या काळच्या उपासनेच्या तंबूच्या, सामानाची यादी वाचा. कोश, दयासन (कोशाचे झाकण), मेज, दीपवृक्ष, वेद्या, गंगाळ असे सगळे आहे, पण याजकाला बसायला आसन कुठेच नाही. त्याचे काम संपतच नसे.

३. देव सर्वसमर्थ आहे. नुसते ‘माफ केले’ म्हणता आले नसते का? रक्त कशाला?

क्षमा कधीच फुकट नसते. कोणी तुमचे पाच लाख बुडवले आणि तुम्ही ते सोडून दिले, तर ती रक्कम हवेत विरत नाही. तुमच्या खिशातून गेलेली असते. पापाचे नुकसान देवाने स्वतः सोसले, त्या सोसण्याचे नाव वधस्तंभ. देवाने पापाकडे डोळेझाक केली असती तर ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना तो काय सांगणार होता? देव स्वतः नीतिमान राहून पाप्याला नीतिमान ठरवतो, हा रोमकरांस ३:२५-२६ चा गाभा आहे.

रक्ताचे कळायला लेवीय १६ वाचावे लागते. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, वर्षातून एकदाच, मुख्य याजक स्नान करून साधी तागाची वस्त्रे घाली. स्वतःच्या आणि घराण्याच्या पापासाठी आधी गोऱ्ह्याचा वध होई. मग धुपाटण्यात वेदीवरचे निखारे आणि दोन ओंजळी धूप घेऊन तो पडद्याच्या आत, परमपवित्र स्थानात, जाई. धुराने दयासन झाकले जायला हवे, नाहीतर तो तिथेच मरेल अशी ताकीद होती. मग गोऱ्ह्याचे रक्त तो बोटाने दयासनावर आणि त्याच्यापुढे सात वेळा शिंपडी. लोकांसाठी दोन बकरे असत. चिठ्ठ्या टाकून एकाचा वध करत आणि त्याचे रक्त तसेच आत नेत. दुसऱ्या जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून याजक सगळ्या लोकांच्या पापांची कबुली देई, आणि तो बकरा रानात सोडून दिला जाई. एकात पापाची किंमत दिसे, दुसऱ्यात पाप दूर नेलेले दिसे. याशिवाय रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक कोकरू (गणना २८:३-४). आणि पुढच्या वर्षी हे सगळे पहिल्यापासून.

इब्री पत्राचा युक्तिवाद यावरच उभा आहे. जे दरवर्षी पुन्हा करावे लागते त्याने पाप खरोखर गेलेले नसते. उलट दरवर्षी त्याची आठवण निघते (१०:१-४). येशूच्या बाबतीत तीन गोष्टी बदलल्या. याजकाला स्वतःसाठी अर्पण करावे लागले नाही (७:२७), अर्पण तो स्वतःच होता, आणि ते एकदाच झाले (९:२६). त्याच्या मरणाच्या वेळी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला (मार्क १५:३८). आत देवाजवळ जायची वाट आता सगळ्यांना खुली झाली.

‘येशूचे रक्त’ हे शब्द मंत्रासारखे पुटपुटणे, उंबऱ्याला तेल लावताना ते म्हणणे, हे या शिकवणीत बसत नाही. रक्त म्हणजे आपल्यासाठी दिलेला जीव (लेवीय १७:११).

४. करावे तसे भरावे. एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी मारणे हा कुठला न्याय?

प्रश्न रास्त आहे, आणि तो बायबलमध्येच आहे: बापाच्या पापासाठी मुलाला मारू नये (अनुवाद २४:१६), जो पाप करील तोच मरेल (यहेज्केल १८:२०). माणूस जे पेरतो तेच कापतो, हेही पौलाचेच (गलतीकरांस ६:७). कोणीतरी तिऱ्हाइताला पकडून शिक्षा केली असती तर तो अन्यायच होता.

पण ख्रिस्त तिऱ्हाईत नाही. ज्याचा अपराध झाला होता तो देव स्वतः ख्रिस्तात होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता (२ करिंथकरांस ५:१९). त्याच्यावर कोणी जबरदस्तीही केली नाही. माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो, असे त्याने सांगितले (योहान १०:१८). आणि विश्वासाने आपण त्याच्याशी जोडले जातो. आदामात जसे सगळे मोडले तसे ख्रिस्तात नवे उभे राहते (रोमकरांस ५:१२-१९).

प्रवचनांत एक चूक नेहमी होते: रागावलेला बाप आणि मध्ये पडून मार खाणारा प्रेमळ मुलगा असे चित्र रंगवले जाते. ते शास्त्राला धरून नाही. पित्याने प्रीती केली म्हणून पुत्र दिला (योहान ३:१६). पुत्र मेला म्हणून पिता प्रीती करू लागला, असे कुठेही लिहिलेले नाही.

५. मग मला करायचे काय?

पश्चात्ताप, विश्वास, बाप्तिस्मा, मंडळी. पश्चात्ताप म्हणजे पाप हे पाप आहे असे देवापुढे नाव घेऊन म्हणणे आणि त्याच्याकडे वळणे. विश्वास म्हणजे आपल्या चांगुलपणावरचा भरवसा काढून तो ख्रिस्ताच्या कार्यावर ठेवणे. बाप्तिस्मा ही त्याची उघड खूण. बाळपणी झाला असेल तर तो पुन्हा घ्यायचा नाही. दृढीकरणात तो विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा. बाप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळ्या मात्र समज आल्यावरच बाप्तिस्मा देतात.

इथे बिघडते ते दोन टोकांना. सभेत हात वर केला, पाळकांच्या मागून चार ओळी म्हटल्या, आणि ‘तारण झाले’ अशी नोंद झाली. पुढे ना शिकवण, ना मंडळी. दुसऱ्या टोकाला, आधी दारू सुटू दे, आधी भावकीतले भांडण मिटू दे, मग येतो, असे म्हणत वर्षे जातात. आजारी माणूस बरा झाल्यावर डॉक्टरकडे जात नाही.

नाव बदलावे लागत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्याच नावाने पुढे ख्रिस्ती भक्तिगीते लिहिली. बाप्तिस्म्याला फीही नसते. कोणी मागितली तर सरळ नाही म्हणा.

६. सगळे ख्रिस्तानेच केले, तर चांगली कामे कशाला? आणि याकोब तर विश्वास कर्मांवाचून मेलेला आहे म्हणतो.

इफिसकरांस २:८-९ वाचून थांबू नका, १० वे वचनही वाचा. कर्मांनी तारण नाही, पण सत्कर्मांसाठी आपण निर्माण झालो आहोत. पौल विचारतो: देवापुढे माणूस कशाने नीतिमान ठरतो? याकोब विचारतो: हा जो विश्वास म्हणवतो तो खरा आहे हे कशावरून? दोघेही अब्राहामाचा दाखला देतात, पण पौल उत्पत्ती १५ मधला, तर याकोब त्यानंतर कित्येक वर्षांनी घडलेला, उत्पत्ती २२ मधला. आधी विश्वास, मग त्याचे फळ.

फिलिप्पैकरांस २:१२ मधले ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ हेही असेच. लगेच पुढचे वचन म्हणते की तुमच्या ठायी इच्छा आणि कृती घडवणारा देवच आहे. जे मिळाले आहे ते जगण्यात उतरवायचे आहे.

या प्रश्नावर कॅथलिक आणि लुथेरन मंडळ्यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत, पण ‘कॅथलिक लोक कर्माने तारण मानतात’ असे सरसकट बोलणे तेव्हापासून तरी थांबायला हवे होते.

७. सगळ्या पापांची क्षमा झाली आहे, तर रोज पुन्हा क्षमा का मागायची?

नाते आणि नात्यातली जवळीक या दोन गोष्टी आहेत. येशूने पेत्राला सांगितले की ज्याचे स्नान झाले आहे त्याला फक्त पाय धुण्याची गरज असते (योहान १३:१०). एकदा नीतिमान ठरलेला माणूस रोज नव्याने ठरवला जात नाही. पण पाप लपवले की देवापुढे उभे राहणे जड होते, प्रार्थना कोरडी पडते. १ योहान १:९ विश्वासणाऱ्यांनाच लिहिले आहे.

कबुली देताना ‘प्रभू, कळत नकळत झालेल्या चुका माफ कर’ एवढ्यावर सुटू नका. काय केले, कोणाला दुखावले, ते नाव घेऊन सांगा. कॅथलिक मंडळीत गंभीर पापांची कबुली वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे देणे बंधनकारक आहे. त्यांच्या शिकवणीप्रमाणेही क्षमा करणारा देवच. धर्मगुरू त्याच्या वतीने ती देतो.

८. मी सगळे केले, तरी क्षमा झाल्यासारखे वाटत नाही.

वाटणे हा पुरावा नाही. निकाल तुमच्या मनात लागलेला नाही. तो वधस्तंभावर आणि रिकाम्या कबरेत लागलेला आहे. तेच पाप शंभरदा कबूल करू नका. एकदा नीट कबूल करा आणि त्यावर रोमकरांस ८:१ मोठ्याने वाचा. एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासू माणसापुढे बोलल्यानेही (याकोब ५:१६) मोठा फरक पडतो. महिनोन्‌महिने झोप नाही, खाणे तुटले, जगू नये असे वाटते, असे असेल तर ते विश्वासाची कमतरता म्हणून झाकू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा; पाळकांनीही तेच सांगायला हवे.

९. ऑफिसात पूर्वी पैशांची अफरातफर केली होती. प्रभूने क्षमा केली. आता पैसे परत करावे लागतील का?

हो. देवापुढचा दोष गेला म्हणून माणसाचे नुकसान भरून निघत नाही. नियमशास्त्रात पूर्ण रक्कम अधिक पाचवा हिस्सा द्यायचा होता (लेवीय ६:५). जकातदार जक्कयाने चौपट देतो म्हटले, आणि तेही येशूने त्याच्या घरी पाऊल ठेवल्यावर, आपल्या आनंदाने (लूक १९:८). परतफेडीने तारण विकत मिळत नाही. तारण मिळालेला माणूस परतफेड टाळत नाही. रक्कम मोठी असेल, गुन्हा दाखल होण्यासारखा असेल, तर आधी वकिलाचा सल्ला घ्या, मग कबुली द्या. पण सल्ला हे टाळण्याचे निमित्त करू नका.

उलट बाजूनेही लक्षात ठेवा: वधस्तंभावरच्या चोराला नंदनवनाचे वचन मिळाले, पण त्याची शिक्षा टळली नाही.

१०. मिळालेले तारण हरवते का? ‘पतन पावलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य’ हे इब्री ६:४-६ वाचून झोप उडाली आहे.

यावर मंडळ्यांत प्रामाणिक मतभेद आहे. रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या शिकवणीची) परंपरा म्हणते की देवाने खरोखर ज्याला धरले त्याला तो सोडत नाही (योहान १०:२८-२९). जो कायमचा सोडून गेला त्याचा विश्वास मुळात खरा नव्हता (१ योहान २:१९). मेथडिस्ट, बऱ्याच पेंटेकोस्टल मंडळ्या आणि कॅथलिक मंडळी म्हणतात की माणूस हट्टाने ते टाकून देऊ शकतो. ख्रिस्ताचे कार्य पूर्ण आहे हे दोघांनाही मान्य आहे.

इब्री ६ मात्र कोणाला लिहिले ते पाहा. छळाला कंटाळून जुन्या अर्पणांकडे परत जावे असा मोह झालेले ते लोक होते. लेखक त्यांना बजावतो: हे एकमेव अर्पण टाकून गेलात, तर दुसरे कुठले उरलेलेच नाही (१०:२६ सुद्धा हेच). पापात पडलेल्या, रडणाऱ्या, परत येऊ पाहणाऱ्या माणसाबद्दल ते वचन नाही. पेत्राने तीनदा नाकारले आणि त्याला परत घेतले गेले. तुमची झोप उडाली आहे यावरूनच दिसते की तुम्ही ख्रिस्ताला तुच्छ लेखलेले नाही.

११. मिस्सा म्हणजे येशूचे पुन्हा बलिदान ना? मग कार्य पूर्ण कसे? सून मिस्साला जाते, घरात वाद होतो.

वादाआधी एकमेकांचे म्हणणे बरोबर मांडा. कॅथलिक शिकवण मिस्साला, म्हणजे प्रभुभोजनाच्या कॅथलिक उपासनेला, ‘पुन्हा बलिदान’ म्हणत नाही. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५६२ साली मांडले की अर्पण तेच, अर्पण करणारा तोच, फक्त पद्धत रक्ताविना. म्हणजे कालवरीवरचे, वधस्तंभावरचे, एकच बलिदान वेदीवर उपस्थित होते. नव्याने घडत नाही. प्रॉटेस्टंट सुधारकांचा आक्षेप असा की प्रभुभोजन ही त्या बलिदानाची आठवण, घोषणा आणि त्यातला सहभाग आहे; त्याला अर्पण म्हटले की ‘एकदाच’ या शब्दाची धार बोथट होते. आम्ही हेच मानतो.

व्यवहारात: कॅथलिक नियमाप्रमाणे प्रॉटेस्टंट माणसाला मिस्सात सहसा ख्रिस्तशरीर दिले जात नाही. रांगेत उभे राहून फादरांना अडचणीत टाकू नका. जागेवर बसून प्रार्थना करा. सीएनआयच्या मंडळीत दुसऱ्या मंडळीतल्या बाप्तिस्मा झालेल्या माणसाला प्रभुभोजन मिळू शकते, पण कॅथलिक सुनेला तिच्या मंडळीची मुभा नसते, म्हणून तिला आग्रह करू नये.

१२. बांद्र्याला मोतमावलीला (माउंट मेरीला) नवस फेडला, माहीमला नऊ बुधवार केले. याने तारणात भर पडते का?

नाही, आणि कॅथलिक शिकवणही तसे म्हणत नाही. सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळ, घर विकायला असते; ज्याचे जे मागणे ते तो वाहतो. नोव्हेना ही नऊ वेळा चिकाटीने केलेली विनंती. दोन्ही मागण्याच्या किंवा आभाराच्या गोष्टी आहेत, पापाची किंमत भरण्याच्या नव्हेत. गडबड होते ती मनात सौदा शिरला की: एक बुधवार चुकला, आता कोप होईल. ही भीती ख्रिस्ताच्या कार्यावर विश्वास ठेवणाऱ्याची नव्हे. मरियेकडे मध्यस्थी मागावी का, यावर प्रॉटेस्टंट उत्तर ‘नाही’ असे आहे (१ तीमथ्य २:५), पण जत्रेला जाणाऱ्या शेजारणीला हिणवण्याचा परवाना त्याने मिळत नाही.

१३. उपवासकाळात मासळी-मटण सोडले नाही तर पाप लागते का?

प्रॉटेस्टंट मंडळीत सक्ती नाही. कॅथलिकांना राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपास (१८ ते ५९ वर्षे) आणि मांसवर्ज्य (१४ वर्षांपुढे) बंधनकारक आहे. मधुमेह, गरोदरपण, आजार असेल तर सूट असते. दोन्हीकडे उपवास हा शिस्तीचा भाग आहे, पापाचा दंड नव्हे.

१४. ‘त्याच्या फटक्यांनी आम्ही बरे झालो’ असे लिहिले आहे. मग टीबीची औषधे बंद करू का?

करू नका. कोणीही सांगितले तरी नाही. टीबीचा कोर्स मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्यांनाही तोच हट्टी आजार लागू शकतो. इन्सुलिन, मिरगीच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधे यांचेही तेच. अचानक बंद केली तर जीव जाऊ शकतो.

आता वचन. यशया ५३:५ चा दाखला पेत्र पापापासून बरे होण्यासाठी देतो (१ पेत्र २:२४), तर मत्तय ८:१७ मध्ये त्याच अध्यायातले चौथे वचन आजारांसाठी येते. म्हणजे शरीराचे बरे होणेही ख्रिस्ताच्या कार्यातलेच आहे, पण त्याची पूर्ण वेळ पुनरुत्थानाची (प्रश्न १). तोवर देव कधी बरे करतो, कधी नाही. पौलाने त्रफिमाला मिलेत येथे आजारी ठेवले (२ तीमथ्य ४:२०) आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. प्रार्थना करा, तेल लावा, आणि गोळी वेळेवर घ्या.

१५. एका सभेत सांगितले की आमच्या घराण्यावर पिढीजात शाप आहे. तो तोडायला खास प्रार्थना आणि ‘बी पेरणी’ची (आशीर्वादाच्या आशेने आधी द्यायची) रक्कम लागेल.

पैसे देऊ नका. ख्रिस्त आपल्याबद्दल शाप झाला आणि त्याने आपल्याला शापातून सोडवले (गलतीकरांस ३:१३). जे तुटले आहे ते पुन्हा तोडून देण्याची फी घेणारा माणूस ख्रिस्ताचे काम अपुरे आहे असेच सांगत असतो. घराण्यात दारू, मारहाण, कर्ज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असेल तर ते खरे आहे आणि त्यावर कष्ट घ्यावे लागतील: व्यसनमुक्ती, समुपदेशन, हिशेब. दशांशाचेही तसेच. तो कृतज्ञतेने द्यायचा. न दिल्यास शाप लागेल या धाकाने नव्हे (२ करिंथकरांस ९:७).

१६. येशूच्या आधी मेलेल्यांचे काय? आणि माझ्या आजीने त्याचे नावही ऐकले नव्हते.

अब्राहाम, मोशे, दावीद यांचे तारणही ख्रिस्ताच्याच कार्याने झाले. ते पुढे पाहत होते, आपण मागे पाहतो (इब्री ११:१३, ९:१५). ज्यांच्या कानी कधीच पडले नाही त्यांच्याबद्दल कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली म्हटले की जे स्वतःच्या दोषावाचून सुवार्तेला मुकले पण मनापासून देवाला शोधतात, ते तारण पावू शकतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत यावर मते वेगळी आहेत. तुमच्या आजीचा न्याय करण्याचे काम मात्र आमचे नाही. सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करील (उत्पत्ती १८:२५), आणि तो न्यायाधीश वधस्तंभावर गेलेला आहे.

१७. बाळ बाप्तिस्म्याआधीच गेले.

ते देवाच्या दयेत आहे. दावीद आपल्या गेलेल्या बाळाबद्दल म्हणाला: मी त्याच्याकडे जाईन (२ शमुवेल १२:२३). हाच भरवसा बौद्धिक अपंगत्वामुळे विश्वास बोलून दाखवू न शकणाऱ्यांबाबतही ठेवतो. अशा घरी जाऊन बाप्तिस्मा का लांबवला असे विचारू नका.

१८. २ नोव्हेंबरला शिवडीला कबरीवर मेणबत्त्या लावतो, मृतांसाठी मिस्सा देतो. तारण पूर्ण असेल तर याची गरज काय?

कॅथलिक शिकवणीप्रमाणे शुद्धीस्थानात असलेल्यांचे तारण पक्केच असते. उरते ते शुद्ध होणे, आणि त्यासाठी जिवंत लोक प्रार्थना करतात. प्रॉटेस्टंट मंडळ्या शुद्धीस्थान मानत नाहीत. ख्रिस्तात मेलेला प्रभूजवळ असतो (फिलिप्पैकरांस १:२३). म्हणून आमच्या स्मरण-उपासनेत मृतासाठी मागणे नसते, त्याच्या आयुष्याबद्दल आभार असतात. कबर साफ करणे, फुले वाहणे, मेणबत्ती लावणे यात गैर काही नाही.

१९. ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला की फक्त निवडलेल्यांसाठी?

१६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या सभेने ठरवले की मरणाची योग्यता सगळ्या जगाला पुरेल एवढी आहे, पण त्याचा हेतू निवडलेल्यांचे तारण हा होता. लुथेरन, मेथडिस्ट, कॅथलिक म्हणतात की तो सगळ्यांसाठी मेला (१ योहान २:२). मराठी मंडळ्यांत दोन्ही मतांचे लोक एकाच बाकावर बसतात. सुवार्ता सांगताना दोघेही तेच म्हणतात: जो येतो त्याला तो घालवत नाही (योहान ६:३७).

२०. कलस्सैकरांस १:२४ मध्ये पौल म्हणतो की ख्रिस्ताच्या दुःखांतले उरलेले मी भरून काढतो. म्हणजे काहीतरी उरले होते ना?

पापाच्या किमतीत नाही. त्याच पत्रात चार वचने आधी पौल म्हणतो की वधस्तंभावरच्या रक्ताने शांती झाली (१:२०), आणि पुढच्या अध्यायात आपल्याविरुद्धचे ऋणपत्र खिळून टाकले (२:१४). उरले होते ते हे काम लोकांपर्यंत नेण्यातले दुःख: मार, तुरुंग, प्रवास. हे पत्रही तो बेड्यांत असताना लिहितो (४:१८).

या वचनाचा दुरुपयोग आजाऱ्यांच्या उशाशी होतो. कॅन्सरच्या रुग्णाला ‘तुझे भोग इथेच फिटत आहेत’ असे सांगू नका. त्याचे भोग फेडून झालेले आहेत, आणि आजार हा त्याच्या पापाचा हप्ता नव्हे (योहान ९:३). टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या वॉर्डात भेटीची वेळ थोडी असते. बोलू नका फार; रोमकरांस ८:३१-३९ हळू वाचा, छोटी प्रार्थना करा, आणि रात्री सोबतीला कोण थांबणार आहे ते त्याच्या घरच्यांना विचारा.